शिवारात न्यायचा दणकट टॅब : कमी पैशांत काय मिळतं, काय सुटतं

संगमेश्वर तालुक्यात विहिरींच्या नोंदी करायचं काम सुरू केलं, तेव्हा मला एकच धास्ती होती : टॅब पडेल आणि फुटेल. कठडा नसलेली विहीर, शेवाळलेली पायरी, एका हातात टेप, दुसऱ्या हातात टॅब. पुढच्या वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत टॅब निकामी झाले खरे, पण त्यांतले बहुतेक पडून गेले नाहीत. काही चार्जिंगची पिन ढिली होऊन गेले. काही ओल्या पिनला रात्री चार्जर लावल्यामुळे गेले. एकाची बॅटरी जीपच्या काचेखाली उन्हात राहून फुगली. आणि एक टॅब अंगानं धडधाकट होता, पण त्यात जीपीएसच नव्हतं, हे तीन गावं फिरून झाल्यावर आम्हाला कळलं.

सर्वेक्षणाच्या कामात नव्यानं आलेल्यांनी, किंवा छोट्या संस्थेसाठी चार-दहा टॅब घ्यायची जबाबदारी अंगावर पडलेल्यांनी, खरेदीच्या आधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. बाजारात 'रग्ड' म्हणून मिळणारे स्वस्त टॅब वाईट नसतात. पण कमी किमतीत दणकटपणा द्यायचा म्हटलं की कंपनी कुठेतरी हात आखडते. तो कुठे आखडला आहे आणि तुमच्या कामाला नेमकं तेच लागणार आहे का, एवढंच पाहायचं असतं.

पायरी १ : टॅब कशानं बिघडणार, ते आधी लिहून काढा

अजून काहीही शोधू नका. एक दिवस कामावर जा, वही घेऊन. सकाळी टॅब पिशवीतून निघाल्यापासून संध्याकाळी चार्जरला लागेपर्यंत त्याचं काय काय होतं ते टिपा. किती वेळ उन्हात होता? हात ओले होते का? गाडीवर असताना कुठे ठेवला होता? दुपारी चार्जिंग मिळालं का? रेंज कुठे गेली?

कोकणात जून ते सप्टेंबर खरा शत्रू पाणी. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे बॅटरी आणि डिस्प्ले आधी हार मानतात. मेळघाटात किंवा सातपुड्यात धडगावच्या पुढे पाऊस-ऊन दोन्ही सोसता येतं, पण रेंज आणि लाईट यांचा भरवसा नसतो. उसाच्या पट्ट्यात बारीक धूळ पिनमध्ये जाऊन बसते. एकाच टॅबला हे सगळं झेपायला हवं असेल तर तो महागच पडतो. तुमच्या यादीतले पहिले दोन शत्रू ठरवा आणि त्यांच्यासाठी पैसे मोजा.

पायरी २ : शिक्क्यांचा अर्थ नीट लावा

खोक्यावर दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात : 'आयपी ६८' आणि 'मिल-एसटीडी-८१०एच'. दोन्ही खऱ्या मोजपट्ट्या आहेत, पण त्या काय मोजतात हे ठाऊक नसेल तर फसगत होते.

आयपीमधला पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः सांगते, म्हणून ते बारीक अक्षरांतलं वाक्य शोधून वाचा. काही टॅबवर '६९के' असतं. ते गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यासाठी आहे, गाड्या आणि यंत्रं धुताना लागतं. विहीर मोजणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

या चाचण्या गोड्या, स्वच्छ पाण्यात आणि नव्या कोऱ्या टॅबवर होतात. समुद्राचं पाणी, साबण, खत मिसळलेलं पाणी यांचा त्यात हिशोब नाही. चार्जिंगच्या पिनवर रबराचं झाकण असेल तर ते घट्ट बसलेलं असतानाच हा आकडा खरा. ते झाकण रोज उघडलं-मिटलं जातं आणि त्याची रबरी शेपटी महिन्यांत तुटते. मग खोक्यावर ६८ असलं तरी हातातला टॅब उघडाच. खरेदी करताना झाकण वेगळं विकत मिळतं का ते विचारा. झाकणाशिवायही पाणी सोसणारी पिन असेल तर फारच उत्तम.

मिल-एसटीडी या अमेरिकी लष्करी मोजपट्टीचं थोडं वेगळं आहे. ८१०एच ही २०१९ची आवृत्ती, तिच्या आधीची ८१०जी २००८ची. कंपन, उष्णता, दमटपणा, पडणं अशा बऱ्याच चाचण्या तीत आहेत. त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच निवडते आणि करूनही तीच घेते. अमेरिकी लष्कर कुठल्याही टॅबला प्रमाणपत्र देत नाही. पडण्याच्या नेहमीच्या चाचणीत वस्तू सुमारे १.२२ मीटरवरून २६ वेळा सोडतात : ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. खाली काँक्रीटवर अंथरलेलं दोन इंचांचं प्लायवूड असतं आणि हे २६ आपटे पाच नगांपर्यंत वाटून देता येतात. आता आपला कातळ आठवा. सड्यावरच्या जांभ्याचं टोक काचेच्या मधोमध लागलं तर काय होईल, हे ती चाचणी सांगत नाही. त्यामुळे शिक्का पाहाच, पण काचेची कड चौकटीपेक्षा किंचित आत आहे का, तेही बोट फिरवून पाहा. टॅब पालथा पडला तर आधी चौकट टेकायला हवी, काच नव्हे.

पायरी ३ : डिस्प्ले उन्हात वाचता येतो का

यावर मी थोडक्यात सांगते, कारण याची परीक्षा सोपी आहे : दुपारी बाराला दुकानाबाहेर रस्त्यावर या आणि फॉर्ममधला मराठी मजकूर वाचून पाहा. उजेड 'निट'मध्ये मोजतात. स्वस्त टॅब ४००च्या आसपास असतात. सावलीत तेवढं पुरतं, उघड्या रानात डोळे ताणावे लागतात. हजारच्या जवळ गेलात तर उन्हातही बरं दिसतं, पण त्या वर्गात किंमत उडी मारते आणि बॅटरीही लवकर उतरते. कमी पैशांत रुंद काठाची टोपी, चकाकी मारणारी फिल्म आणि मोठ्या अक्षरांचा फॉर्म यांनी बरंच काम भागतं.

पावसाचं मात्र वेगळं आहे. टॅब आतून कोरडा राहील, पण काचेवर थेंब पडले की त्याला ती बोटं वाटतात आणि नको ती उत्तरं निवडली जातात. एका पावसाळ्यात आमच्याकडे बऱ्याच विहिरींच्या नोंदीत 'खारं पाणी' असं आलं. सगळ्या विहिरी किनाऱ्यापासून लांब, डोंगरात. थेंबांनी दिलेली उत्तरं होती ती. ओल्या हातानं, हातमोज्यानं चालतो असं लिहिलेलं असेल तर दुकानातच हात ओला करून पाहा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

पायरी ४ : बॅटरीच्या मोठ्या आकड्याला भुलू नका

स्वस्त दणकट टॅबची सगळ्यांत मोठी जाहिरात बॅटरीची असते. १० हजार, २० हजार एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). आकडा खोटा नसतो, पण त्याची दुसरी बाजू पाहा.

२० हजार एमएएच म्हणजे साधारण ७७ वॉट-तास ऊर्जा. सोबत १० वॉटचा चार्जर असेल तर नुसत्या भागाकारानंच पावणेआठ तास होतात. वाया जाणारी ऊर्जा धरली की नऊ-दहा. जिथे रात्री चार तास लाईट असते तिथे ही बॅटरी कधी पूर्ण भरणारच नाही. म्हणून बॅटरीच्या आकड्याबरोबर चार्जिंगचा वेग विचारा. ३३ वॉटचा चार्जर घेणारा टॅब असेल तर तेच काम तीनेक तासांवर येतं.

दुसरं वजन. एवढी बॅटरी असलेला दहा इंची टॅब किलोच्या घरात जातो. घरी एक किलो साखरेची पिशवी डाव्या हाताच्या कोपरात वीस मिनिटं धरून उभं राहा आणि उजव्या हातानं काहीतरी लिहा. दिवसाला पंधरा घरं करायची असतील तर संध्याकाळी मनगट काय म्हणेल, ते तिथेच कळेल. आमच्या सर्वेक्षण करणाऱ्या ताया आठ इंची टॅबवरच खूश असतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं : बॅटरी हातानं बदलता येते का? लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत दमतेच. सॅमसंगच्या 'टॅब अ‍ॅक्टिव्ह' मालिकेत, अ‍ॅक्टिव्ह ३ आणि अ‍ॅक्टिव्ह ५ धरून, मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येते. दोन्हींची बॅटरी ५,०५० एमएएचचीच आहे, पण एक जादा बॅटरी खिशात असली की दिवस निघतो. स्वस्त दणकट टॅबमध्ये बॅटरी आत बंद असते. ती बदलायला टॅब उघडला की पाणी अडवणारं सील गेलं. रस्त्याकडेच्या दुकानात ते परत तसंच बसत नाही.

पॉवरबँक घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : १० हजार एमएएचच्या पॉवरबँकेतून टॅबला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात, बाकीचे रूपांतरात जातात.

उष्णतेचंही सांगून ठेवते. ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्ज करणं तिला मारक आहे. विदर्भात दुपारी गाडीत चार्जिंगला लावून टॅब डॅशबोर्डवर ठेवू नका, सीटखाली सावलीत ठेवा. आणि तापलेला टॅब गार करायला फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवू नका. आत दव धरतं.

पायरी ५ : लोकेशनची परीक्षा, दुकानाबाहेर, आभाळाखाली

आमची फजिती झाली ती इथे. फक्त वायफायवर चालणाऱ्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसची चिपच नसते. शहरात वायफायच्या अंदाजानं नकाशावर निळा ठिपका दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. गावाबाहेर गेलं की ठिपका कुठेतरी तालुक्याच्या ठिकाणी अडकतो. सिम घालता येणाराच टॅब घ्या, आणि तरीही तपासा.

तपासायची रीत अशी. 'जीपीएसटेस्ट' हे मोफत अ‍ॅप टाका, मोकळ्या मैदानात उभे राहा, टॅब फ्लाइट मोडवर टाका आणि लोकेशन चालू ठेवा. किती उपग्रह दिसतात, किती मिनिटांत ठिकाण सापडतं, अचूकता किती मीटर दाखवतो, ते लिहा. एल५ ही उपग्रहांच्या संदेशाची दुसरी लहरपट्टी दिसली तर झाडीत आणि दरीत तो टॅब जास्त भरवशाचा. भारताची स्वतःची उपग्रह-व्यवस्था 'नाविक' दिसली तर आणखी चांगलं. रेंज नसताना पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रह कुठे आहेत ही माहिती टॅबला नेटवरून न मिळता थेट उपग्रहांकडूनच हळूहळू उतरवून घ्यावी लागते. म्हणून दरीत उतरण्याआधी वरच्या गावात रेंज असताना एकदा लोकेशन पकडून घ्या.

मग अचूकतेचा प्रश्न. उघड्या आभाळाखाली चांगला फोन-टॅब साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. विहीर, हातपंप, अंगणवाडी यांची जागा दाखवायला हे पुरतं. शेताचं क्षेत्र मोजायला नाही. एक एकराचा चौकोनी तुकडा घ्या : बाजू साधारण ६४ मीटर. एकच बांध ५ मीटर सरकला तर तीन गुंठ्यांचा फरक पडतो. तीन गुंठ्यांवरून आपल्याकडे भाऊ-भाऊ कोर्टात जातात. टॅबवर फिरून काढलेलं क्षेत्र शेतकऱ्याला 'मोजणी' म्हणून कधीही सांगू नका. त्याला हवी असेल ती मोजणी भूमी अभिलेख खात्याची. जास्त अचूकता लागणारच असेल तर महागड्या टॅबपेक्षा ब्लूटूथनं जोडायचा वेगळा रिसीव्हर घेणं शहाणपणाचं आहे.

होकायंत्राचा सेन्सरही स्वस्त टॅबमध्ये अनेकदा गाळलेला असतो. आणि असला तरी दख्खनच्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे उघड्या खडकावर सुई भरकटू शकते. दिशा लिहायची असेल तर खडकापासून चार पावलं दूर जाऊन पुन्हा पाहा.

याच कारणानं चुंबकावर चिकटणारी चार्जिंगची टोकं मी वापरू देत नाही. पिन वाचवायला ती चांगली, पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू आणि आपल्या मातीतले बारीक काळे कण त्यांना चिकटतात आणि जोडणीत अडकतात. स्पीकरच्या जाळीतही तेच कण जाऊन बसतात. मऊ ब्रश पिशवीत हवा.

पायरी ६ : रेंज आणि कागदपत्रं

परदेशी बाजारासाठी बनलेला टॅब ऑनलाइन स्वस्त दिसतो, पण तो आपल्या नेटवर्कवर चालेल याची खात्री नसते. माहितीपत्रकात ४जीचे बँड, म्हणजे लहरपट्ट्यांचे क्रमांक, लिहिलेले असतात. जिओसाठी ३, ५ आणि ४० हवेत. डोंगराळ, आदिवासी भागात अनेक ठिकाणी फक्त बीएसएनएलचा टॉवर असतो, त्यांच्या ४जीसाठी २८ आणि १ पाहा. २८ नसलेले टॅब पुष्कळ आहेत.

भारतात टॅब विकायला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. मागच्या लेबलवर 'आर'नं सुरू होणारा क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर घालून पाहा. सिमचा टॅब असेल तर आयएमईआय हा त्याचा ओळख क्रमांकही सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि अनुदानाच्या पैशांतून खरेदी असेल तर ऑडिटच्या वेळी उपयोगी पडतं.

पायरी ७ : आतली बाजू

ओडीके कलेक्ट किंवा कोबो या सर्वेक्षणाच्या अ‍ॅपवरचे फॉर्म हलके असतात. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. क्यूफील्ड या नकाशांच्या अ‍ॅपमध्ये ड्रोनचे नकाशे उघडणार असाल तर त्याच्या दुप्पट घ्या.

सुरक्षेकडे मात्र काणाडोळा करू नका. स्वस्त टॅब जुनं अँड्रॉइड घेऊन येतात आणि सुरक्षेचे अपडेट पुढे मिळतीलच असं नाही. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख असते. ती वर्षापूर्वीची असेल तर त्या कंपनीची सवय कळली. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये टॅब 'सर्टिफाइड' आहे का तेही दिसतं, नसेल तर परत करा. २०२३ मध्ये काही अनोळखी स्वस्त अँड्रॉइड उपकरणांत, टीव्ही बॉक्सबरोबर टॅबमध्येही, 'बॅडबॉक्स' नावाचा घातक प्रोग्राम विक्रीआधीच घातलेला सापडला होता. आपल्या टॅबमध्ये लोकांची नावं, मोबाइल नंबर, आजारपणं, जमिनीची माहिती असते. लोकांनी आपल्याला ओसरीवर बसवून, चहा देऊन ती सांगितलेली असते.

पायरी ८ : तीन वाटा एकमेकींसमोर ठेवा

नामांकित कंपनीचा दणकट टॅब घेतला तर बदलती बॅटरी, सुटे भाग आणि काही वर्षांचे अपडेट मिळतात. पण तेवढ्या पैशांत साधे दोन-तीन टॅब येतात.

स्वस्त दणकट टॅब पाणी, धूळ, आपटे सोसतो, बॅटरी अफाट. सुटतं ते दुरुस्तीचं. त्याचा डिस्प्ले तालुक्याला सोडाच, पुण्यातही मिळेलच असं नाही. तो बिघडला की संपला, असं धरूनच घ्यायचा. कॅमेराही बहुधा सुमार असतो, आणि अंधाऱ्या विहिरीतली पाण्याची पातळी फोटोत दिसली नाही तर फेरी वाया.

तिसरी वाट म्हणजे खपाच्या कंपनीचा साधा सिमवाला टॅब, जाड सिलिकॉन कव्हर, मागे हाताचा पट्टा आणि पावसासाठी पारदर्शक पाऊच. हा टॅब पाण्यात पडला तर गेला. पण त्याची काच जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसाभरात बदलून मिळते.

माझं मत विचाराल तर, वर्षातले आठ-नऊ महिने कोरड्या भागात काम असलेल्या दहा जणांच्या गटानं तिसरी वाट घ्यावी, आणि दहाऐवजी बारा टॅब घ्यावेत. दोन जादा टॅब तयार असणं हा सगळ्यांत स्वस्त दणकटपणा आहे. भर पावसात रोज बाहेर पडणाऱ्या कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या लोकांसाठी मात्र पहिली वाट, पैसे कमी असतील तर त्याच टॅबचं जुनं पण तपासलेलं मॉडेल. स्वस्त दणकट टॅब मी दोन ठिकाणी आनंदानं घेईन : जिथे तो ट्रॅक्टरवर, बोटीवर किंवा जीपमध्ये बसवून ठेवायचा आहे, आणि जिथे दोन-तीन दिवस लाईटचं तोंड दिसत नाही.

वॉरंटीत 'पाणी आणि आघात' धरलेत का, ते लेखी विचारा. आयपी ६८चा शिक्का असूनही पाण्याचं नुकसान वॉरंटीत न धरणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत.

पायरी ९ : आधी एकच घ्या, आठवडाभर राबवा

दहा एकदम मागवू नका. एक घ्या आणि गटातल्या सगळ्यांत जुन्या सहकाऱ्याच्या हाती द्या. पूर्ण चार्ज करून सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सहाला किती टक्के उरले ते लिहायचं. एकाच विहिरीचं लोकेशन सलग चार दिवस घ्यायचं आणि ठिपके किती विखुरतात ते पाहायचं. नळाखाली धरून फॉर्म भरायचा. फ्लाइट मोडवर पन्नास फॉर्म फोटोंसह भरून रेंजमध्ये आल्यावर सगळे सिंक होतात का ते मोजायचं. ऑनलाइन खरेदीत परत करायची मुदत फार थोडी असते, म्हणून ही परीक्षा पहिल्या दिवसापासून सुरू करा.

पायरी १० : रोजची निगा

पावसातून आल्यावर टॅब पुसून, पिन खाली करून निदान दोन-तीन तास वाळू द्या, मगच चार्जर लावा. ओल्या पिनमधून वीज गेली की धातू गंजतो, त्या एका चुकीनं आमचे जितके टॅब गेले तितके कशानंच गेले नाहीत. तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. पंख्याखाली ठेवा. चार्जरची वायर जाडसर, दर सहा महिन्यांनी नवी.

माहितीची प्रत रोज रात्री बाहेर गेली पाहिजे. रेंज असेल तर सर्व्हरवर, नसेल तर टॅबला थेट लावता येणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह कुलूपबंद. टॅबला पासवर्ड, आणि तो मागे चिठ्ठीवर चिकटवलेला नको.

आणि पिशवीच्या तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दहा कोरे छापील फॉर्म आणि दोन शिसपेन्सिली ठेवा. पेन नको, दमट कागदावर शाई फुटते.